राजकन्यांच्या नावाच्या पितळी सुईडब्या: पारख, खरेदी आणि गोव्याच्या पावसाळ्यातला सांभाळ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात बोटभर उंचीची, नक्षीदार, सपाट पितळी डबी कधीमधी हाती लागते. दुकानदार ती तपकिरीची म्हणतो, पानाच्या चुन्याची म्हणतो, फारच रंगात आला तर ‘राणीची डबी’ म्हणतो. डबीवर ‘द बिआट्रिस’ किंवा ‘द लुईस’ अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर ती सुयांची डबी आहे. राणीच्या हाताला ती कधी लागलेली नसते. ही नावं व्यापारी आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या मुली त्या काळी लोकांच्या तोंडी होत्या. लुईस १८४८ सालची, बिआट्रिस १८५७ सालची, सगळ्यांत धाकटी. कारखानदाराने ती नावं मालाला दिली. नावाला भुलून जास्त पैसे मोजायचं कारण नाही, पण नाव नीट वाचता येत असेल तर शोधाचा पुढचा रस्ता सोपा होतो.

या डब्या घडल्या इंग्लंडमधल्या वूस्टरशायर परगण्यातल्या रेडिच गावात आणि त्याच्या आसपास. एकोणिसाव्या शतकात जगभर जाणाऱ्या सुयांचा मोठा हिस्सा याच गावचा. तिथल्या जुन्या फोर्ज मिलमध्ये आज सुयांचं संग्रहालय आहे. सर्वांत जास्त नाव झालं ते डब्ल्यू. एव्हरी अँड सन या पेढीचं. इतकं की संग्राहक या जातीच्या कुठल्याही पितळी डबीला सरसकट ‘एव्हरी’ म्हणतात. ही सवय आपण लावून घेऊ नये. त्याच तऱ्हेच्या डब्या इतर सुईवाल्यांनीही विकल्या आणि त्यांवर त्यांची नावं आहेत. ठसा काय सांगतो ते आधी वाचावं, मग वहीत ‘एव्हरी’ लिहावं.

दोन घराणी लक्षात ठेवली की पुरे. एक सपाट डब्यांचं: चार कप्पे, चार मापांच्या सुया, बहुधा ६, ७, ८, ९ हे आकडे कोरलेले. राजकन्यांच्या नावाच्या डब्या या घराण्यातल्या. ‘क्वाड्रुपल गोल्डन कास्केट’ ही त्यांची भावंड. दुसरं घराणं आकृतींचं: फुलपाखरू, एकचाकी हातगाडी, चित्रकाराची चित्र टेकवायची घोडी. आकृतीच्या डब्या दिसायला गोड आणि किमतीला चढ्या. सुरुवात करणाऱ्याने सपाट डब्यांपासून सुरुवात करावी. त्या तुलनेने जास्त मिळतात, त्यांवर मजकूर जास्त असतो, म्हणून शिकायलाही जास्त मिळतं.

ठसा वाचणं

बाजाराला जाताना खिशात दहापट भिंग, बारीक टॉर्च, छोटं लोहचुंबक, लाकडी टूथपिक आणि शिवणाच्या साध्या सुयांचं एक पाकीट ठेवावं. सुयांचं पाकीट कशाला ते पुढे येईल.

टॉर्च डबीवर सरळ मारू नये, बाजूने आडवा धरावा. झिजलेली अक्षरं सावलीने वर येतात. शोधायचं ते पतंगासारखं उभं चौकट चिन्ह. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या नमुन्यांवर ते असे. चौकटीच्या डोक्यावरच्या वर्तुळात रोमन एक असेल तर वर्ग धातूचा. चार कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे असतात, आणि इथेच नवखे फसतात, कारण १८६८ साली मांडणी बदलली. १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात वर्षाचं अक्षर, डावीकडे महिना, उजवीकडे तारीख, खाली गठ्ठ्याचा, म्हणजे त्या दिवशी नोंदणीला आलेल्या नमुन्यांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक. १८६८ पासून वर तारीख, उजवीकडे वर्ष, खाली महिना, डावीकडे गठ्ठा. म्हणून आधी पाहायचं: वर्तुळाखालच्या कोपऱ्यात अक्षर आहे की आकडा? अक्षर असेल तर जुनी मांडणी, आकडा असेल तर नवी.

बहुतेक डब्या नव्या मांडणीतल्या निघतात, म्हणून तिची वर्षं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा: एक्स १८६८, एच १८६९, सी १८७०, ए १८७१, आय १८७२, एफ १८७३, यू १८७४, एस १८७५, व्ही १८७६, पी १८७७, डी १८७८, वाय १८७९, जे १८८०, ई १८८१, एल १८८२, के १८८३. महिने: सी जानेवारी, जी फेब्रुवारी, डब्ल्यू मार्च, एच एप्रिल, ई मे, एम जून, आय जुलै, आर ऑगस्ट, डी सप्टेंबर, बी ऑक्टोबर, के नोव्हेंबर, ए डिसेंबर. अक्षरं ओळीने नाहीत, हे मुद्दामच. पाठ करायच्या भानगडीत पडू नका. झिजलेल्या ठशात सी आणि जी, तसेच ई आणि एफ, एकमेकांसारखे दिसतात. शंका असेल तर वहीत दोन्ही शक्यता लिहा.

हा दिवस नमुना नोंदवल्याचा आहे, तुमच्या हातातली डबी घडल्याचा नव्हे. चालणारा नमुना पुढे कित्येक वर्षं निघत राही. १८८४ पासून चौकट गेली आणि ‘आर डी’ या अक्षरांपुढे नुसता क्रमांक येऊ लागला. मूळ नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: १८४२ ते १८८३ ची नमुन्यांची चित्रं बीटी ४३ या मालिकेत, नोंदवह्या बीटी ४४ मध्ये. तारीख आणि गठ्ठा क्रमांक दोन्ही हाती असतील तर नमुना कोणी नोंदवला ते काढता येतं. राजकन्येच्या नावावरून साल ठरवू नका. लुईसचं लग्न १८७१ चं, बिआट्रिसचं १८८५ चं, म्हणून डबीही त्याच सालची असं विकणारे छातीठोकपणे सांगतात. चौकटीत ते साल नसेल तर त्यांचं बोलणं सोडून द्या.

अस्सल की नक्कल

अस्सल डबी पातळ पत्र्याची, साच्यात दाबून काढलेली असते. त्यामुळे बाहेर उठावाचं फूल असेल तर आत त्याच जागी खळगा दिसतो. ओतीव नकलेत आतली बाजू सपाट किंवा खडबडीत असते, वजन हाताला जास्त लागतं आणि नक्षीच्या कडा बोथट असतात. भिंगातून बारीक फोडांसारखे खड्डे दिसले तर ते ओतकामाचे. अस्सल पत्र्यावर ओरखडे आणि पोचे दिसतील, असे फोड नाहीत.

लोहचुंबक पितळेला चिकटत नाही. चिकटलंच तर नेमकं कुठे ते पाहा. बिजागरीची पोलादी तार किंवा आत राहिलेल्या सुया ओढल्या जात असतील तर ठीक. पूर्ण अंग ओढलं जात असेल तर तो पितळेचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा आहे, ठेवून द्यावा.

आता सुयांचं पाकीट. शिवणाच्या ‘शार्प्स’ सुयांचे क्रमांक आजही तेच आहेत. आकडा मोठा तशी सुई बारीक आणि आखूड. ६ नंबरची सुई साधारण दीड इंच भरते. ६ चा कप्पा असलेल्या डबीत ही सुई अडखळल्याशिवाय बसली पाहिजे आणि झाकण मिटलं पाहिजे. शोभेसाठी केलेल्या नकलांत कप्पे नुसते रेघांनी दाखवलेले असतात किंवा सुईपेक्षा आखूड असतात. दुकानदाराला विचारून, त्याच्यासमोरच ही सुई घालून पाहा. वाद होत नाही.

चार जिभा

सपाट डबीचा खरा जीव तिच्या आतल्या हालचालीत आहे. काही डब्यांत बाहेरची कळ खाचेतून हव्या त्या आकड्याशी सरकवली की तेवढ्याच मापाच्या सुया वर येतात. काहींत झाकण उघडल्यावर पितळेच्या अरुंद जिभा दिसतात आणि एकेक उचलता येते. प्रत्येक जीभ स्वतंत्रपणे हलते का आणि परत जागेवर बसते का, ते पाहायचं. हळू. अडली तर तिथेच थांबा. गेल्या दीडशे वर्षांत या डब्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान बंद डबी सुरीच्या टोकाने उघडणाऱ्यांनी केलं आहे. जीभ मुळाशी दुमडते, सरळ करायला गेलं की तुटते, कारण दाबकामाने ताठरलेलं पितळ दुसरा बाक सहन करत नाही.

अडण्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच: आत विसरलेली सुई गंजून पत्र्याला धरून बसली आहे. घरी आणल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टूथपिकच्या टोकावर घ्या, फक्त गंजाच्या ठिपक्याला लावा आणि डबी चोवीस तास आडवी ठेवा. दुसऱ्या दिवशी सुई टूथपिकने हलवून पाहा. हलली नाही तर पुन्हा एक थेंब, पुन्हा एक दिवस. आठवडा लागला तरी चालेल. फवाऱ्याचं गंजनाशक मात्र मारू नका: ते सगळीकडे पसरतं, मुलाम्याखाली शिरतं आणि आत कागद असेल तर तो तेलकट होऊन कायमचा जातो.

कागदाची गोष्ट निघाली म्हणून: आत सुयांचं मूळ काळं वेष्टण किंवा छापील चिठ्ठी असेल तर तिची किंमत डबीइतकीच धरा. काळा कागद सुया गंजू नयेत म्हणून वापरत. तो बाहेर ओढून काढू नका, घडीवर तडकतो.

किमतीचा आमचा ढोबळ हिशेब असा. ठसा स्पष्ट, चारही जिभा चालत्या आणि सोनेरी मुलामा निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर पूर्ण भाव. एक जीभ तुटकी असेल तर निम्म्यावर जाऊ नये. बिजागरीला शिशाचा करडा डाग दिसला तर कुणीतरी घरगुती डाख मारला आहे. अशी डबी अभ्यासापुरती स्वस्तात घ्यावी. आणि अंग लखलखीत, नक्षी बोटाला गुळगुळीत, ठसा पुसट अशी डबी असेल, तर कितीही चमकत असली तरी हात आखडता घ्या. बाजारात नेमकी हीच सर्वांत महाग सांगतात.

कुठे मिळतात

खरं सांगायचं तर गोव्यात या डब्या विरळा. सुया आणि सुईडब्या ब्रिटिशांच्या मुलखातल्या, आणि गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे. पण मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका आणि आगबोटींवर नोकरी केलेल्या गोंयकारांच्या घरांत इंग्रजी शिवणपेट्या येत. बार्देस-सासष्टीत जुनी घरं रिकामी होतात तेव्हा पेटाऱ्याच्या तळाशी बटणं, लेसचे तुकडे, अंगुस्तानं यांच्या ढिगात एखादी निघते. म्हणून भंगारवाल्याकडे ‘सुईची डबी आहे का’ असं विचारू नका, त्याला ती तशी माहीतच नसते. ‘शिवणाचं जुनं सामान’ विचारा आणि पूर्ण डबा उलटा करून पाहा. शिंप्यांच्या घरातून आलेलं सामान असेल तर जास्त वेळ द्या.

बाकी खरेदी ब्रिटनमधल्या लिलावांतून, ऑनलाइन. विकणाऱ्याकडून पाच फोटो मागवा: मिटलेली डबी पुढून, मागून, उघडलेली, ठसा जवळून, आणि सगळ्या जिभा वर उचललेल्या. पाचवा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जावं. पाठवताना बिलावर वर्णन, अंदाजे काळ आणि दिलेली खरी किंमत लिहायला सांगा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचं सीमाशुल्काचं शीर्षक ९७०६ आहे, तेही बिलावर असू द्या, नाहीतर साधा पितळी माल म्हणून वर्गवारी होते. ‘गिफ्ट लिहून पाठवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला स्पष्ट नाही म्हणा. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने वा कुरियरने आलेल्या मालाला भेटवस्तू म्हणून सूट मिळत नाही, जीवरक्षक औषधं आणि राख्या एवढाच अपवाद. पार्सल अडकतं आणि सोडवताना डबीपेक्षा धावपळ महाग पडते.

घासू नका

चवथ आली की आपल्या घरांत समया, तांब्ये, निरांजनं बाहेर निघतात. चिंच, सोलं, राख किंवा पीतांबरी लावून सोन्यासारखी होतात. समई जाड ओतीव असते, तिला ते सोसतं. सुईडबीला नाही. या डब्यांवर मुळात पातळ सोनेरी लाखेचा किंवा सोन्याचा मुलामा असे. चिंच लावून घासलं की तो निघून जातो आणि आम्ल खालच्या पितळेतलं जस्त खाऊ लागतं. मागे तांबूस-गुलाबी चट्टे राहतात. असे चट्टे दिसले की डबी बहुधा कुणीतरी आंबटात बुडवून ठेवली होती, आणि ते परत पिवळे होत नाहीत. पावडर तर आणखी वाईट: खाचेत बसून पांढरी पडते आणि प्रत्येक घासणीला ठशाचा एक पदर काढते.

करायचं ते इतकंच. मेकअपचा मऊ कोरडा ब्रश फिरवून धूळ काढा. चिकट मळ असेल तर कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवा (बॅटरीचं पाणी मिळतं तिथेच ते मिळतं), पिळून घ्या, नखाएवढ्या जागेवर फिरवा आणि लगेच कोरड्या काडीने टिपा. काडीवर काळं आलं तर मळ. सोनेरी किंवा तपकिरी चकचकीत आलं तर मुलामा सुटतोय, थांबा. ठशाजवळ आणि जिभांच्या मुळाशी पाणी नको. शेवटी केस सुकवायच्या यंत्राचा थंड झोत दोन मिनिटं. त्यानंतर हवं तर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा, म्हणजे रेनेसान्स वॅक्ससारख्या मेणाचा, अगदी पातळ हात बाहेरच्या अंगावर. सुती फडक्यावर जेमतेम दिसेल इतकंच मेण घ्या. जास्त झालं की नक्षीत साचून पांढरं दिसतं. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे. गोव्यातला घाम खारट, बोटाचा ठसा चार दिवसांत तपकिरी उमटतो.

हिरव्याचे दोन प्रकार ओळखा. गडद, कडक, पत्र्याला घट्ट धरलेला हिरवा थर जुना आणि शांत असतो, त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, पिठासारखी पावडर बोटाला लागत असेल तर क्लोराइडचा रोग चालू आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे वारंवार होतं. अशी डबी ताबडतोब वेगळ्या हवाबंद डब्यात, भरपूर सिलिका जेलसह ठेवा. पावडर कोरड्या ब्रशने काढा, आठवड्याने पुन्हा पाहा. परत आली तर धातुसंवर्धकाला दाखवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर घरातली हवा दमट असते आणि कपाट बंद ठेवल्याने काही साधत नाही. घट्ट झाकणाचा तीन लिटरचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या, त्यात ५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल जाळीच्या पिशवीत घाला आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. पिशवी महिन्यातून एकदा तोला. ५० ची ६० ग्रॅम झाली की जेल पिशवीतून ताटलीत काढून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवा. डबा पावसात उघडायचा नाही. उघडावाच लागला तर उन्हं पडलेल्या दुपारी.

डब्या एकमेकींना टेकवू नका. आम्लमुक्त टिश्यूत वेगवेगळ्या गुंडाळा. लोकर, फेल्ट, रबरबँड आणि पीव्हीसीच्या पिशव्या बाद: पहिल्या तिघांतून गंधक सुटतं, पीव्हीसीतून आम्ल. नव्या लाकडी खणाचा वासही धातूला बाधतो, म्हणून आजीच्या पेटाऱ्यात ठेवायचा मोह आवरा. मूळ सुया वेगळ्या काढून, त्याच डबीचा क्रमांक लिहून ठेवा. पोलाद आणि पितळ दमटात एकत्र असले की पोलाद आधी जातं आणि जाताना जिभेला चिकटून जातं.

अमोनियाबद्दल इथे जरा थांबायला हवं. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप तडे जात. साठा तबेल्यांत असे, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसे. दाबून घडवलेल्या पत्र्यात ताण साठलेला असतोच. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ कणाकणाच्या सांध्यातून फाटतं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण नीट मांडलं. इंग्रजीत या तड्यांना पडलेलं ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव आपल्या पावसाळ्यावरून पडलं, असं सांगतात. सुईडबीही त्याच तऱ्हेचा दाबलेला पत्रा आहे. म्हणून गोठ्याला लागून असलेली खोली, मांजराच्या वाळूचा कोपरा आणि काच पुसायचे अमोनियाचे फवारे यांपासून ती लांब. पितळेच्या काही द्रव पॉलिशांतही अमोनिया असतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली तर त्या डबीची कळ पुन्हा हलवू नका.

नोंद आणि परदेशी नेणं

प्रत्येक डबीचं एक कार्ड: क्रमांक, उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत, ठशातला मजकूर जसाच्या तसा, चौकटीचे चारही कोपरे, कुठल्या जिभा चालतात, कुठून घेतली, बिल. फोटोत मोजपट्टी ठेवा. जुन्या घरातून आली असेल तर गाव आणि वाडा लिहा, माणसाचं नाव त्याला विचारूनच.

लंडन, लिस्बनला मुलांकडे जाताना एखादी डबी सोबत न्यावी असं वाटतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, मग ती इंग्लंडात घडलेली का असेना, आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर ‘आजीची आहे’ हे उत्तर चालत नाही. न्यायचीच असेल तर प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी जुन्या गोव्यातल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा आणि वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो का ते पाहा. सोबत कार्ड, फोटो आणि खरेदीचं बिल न्या. ब्रिटनमधून आलेल्या डबीचे आयातीचे कागद असतील तर तेही जोडा, आणि मूळ प्रती स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या.